मंत्र, मंत्री, मंत्रालय

दीपनगरच्या पोरांना हॅरी पॉटरमधला उडता झाडू पटतो, बोलणारी टोपी पटते, भिंतीतून शिरून गाठायचा रेल्वेचा फलाटही पटतो. भुसावळ जंक्शन हाकेच्या अंतरावर असलं की रेल्वेबद्दल काहीही पटतं. पटत नाही तो आर्थर वीझली. हा जादू-मंत्रालयातला सरकारी माणूस. सात मुलांचा बाप, सज्जन, आणि छंद काय तर मगलांचे, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या बिनजादूच्या लोकांचे, प्लग गोळा करायचे. विजेचे साधे प्लग. विमान हवेत तरंगतं कसं हे कळावं, ही त्याची आयुष्यातली सर्वांत मोठी इच्छा.

माझ्या भाचीनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि म्हणाली, "मामा, ह्यांच्याकडे लाइटच नाही? आबांनी जन्मभर काय केलं ते ह्याला सांगितलं तर हा खुळाच होईल."

आबा म्हणजे माझे वडील. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त. हतनूर धरणातून तापीचं पाणी येतं, वॅगनींतून कोळसा येतो, आणि १९६८ पासून इथं वीज तयार होते. आधी एक लहानसा संच, मग २१० मेगावॅटचे दोन, मग ५०० चे दोन, आणि आता ६६० चा. आबांचा जन्म त्यातल्या जुन्या संचांवर गेला. त्यांनी हॅरी पॉटर वाचलेलं नाही, पण नात रोज रात्री जेवताना त्यांना गोष्ट सांगते, त्यामुळे त्यांना बरंच ठाऊक आहे. भरताची वाटी पुढे ओढत त्यांनी विचारलं, "ते सगळं खरं. पण त्या मंत्रालयात परमिट कोण देतं?"

प्रश्न मला तेव्हा गमतीचा वाटला. पुढे हे प्रकरण लिहायला बसलो आणि त्या प्रश्नाला सोडून पुढे जाता येईना.

आधी शब्द बघू. इंग्रजीतल्या 'मिनिस्टर'चं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथं त्याचा अर्थ सेवक. आपला मंत्री मात्र सरळ मंत्रातून आलेला. आता मंत्र म्हटलं की आपल्याला लिंबू-मिरची आठवते, पण राजनीतीच्या जुन्या भाषेत मंत्र म्हणजे गुप्त सल्लामसलत, आणि ती ज्याच्याशी करायची तो मंत्री. मुंबईतल्या सरकारच्या इमारतीला १९७५ पर्यंत सचिवालय म्हणत, मग तिचं मंत्रालय झालं. त्यामुळे जे. के. रोलिंग यांच्या गोष्टीतलं 'मिनिस्ट्री ऑफ मॅजिक' मराठीत आणताना निम्मी जादू शब्दातच तयार मिळते. इंग्रज वाचकाला तो विनोद वाटतो. आपल्याला ती द्विरुक्ती वाटायला हवी.

कौटिल्यानं अर्थशास्त्रात या मंत्रासाठी एक अख्खं प्रकरण घातलं आहे. सल्लामसलतीची जागा अशी हवी की पाखरालाही आत डोकावता येऊ नये, असा त्याचा आग्रह. कारणही देतो: पोपट-मैनांनी, इतकंच काय कुत्र्यांनीही, राजांची गुपितं फोडल्याचं ऐकिवात आहे. आता रोलिंगबाईंची रीटा स्कीटर आठवा. ही बातमीदार बाई भुंग्यासारखा किडा होऊन खिडकीच्या चौकटीवर बसते आणि आतलं बोलणं पेपरात छापते. मंत्रालयाच्या दफ्तरात तिच्या या रूपांतराची नोंदच नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला ही बाई पहिल्या पानापासून ओळखीची वाटली असती.

त्याच ग्रंथात खजिना रिकामा झाला की काय करावं, याचंही प्रकरण आहे आणि ते वाचताना हसावं की घाबरावं कळत नाही. भुयाराला जोडलेल्या विहिरीत अनेक फण्यांचा नाग दाखवावा आणि बघायला येणाऱ्यांकडून पैसे घ्यावेत. झाडावर माणूस लपवून राक्षसाचे आवाज काढवावेत, गावात घबराट उडवावी, आणि मग शांतीसाठी वर्गणी गोळा करावी. विश्वास न ठेवणारा कुणी निघालाच तर त्याला गुंगीचं पाणी पाजावं आणि शाप लागला म्हणून सांगावं. जादू खोटी, वसुली खरी. सरकार आणि जादू यांची ओळख इतकी जुनी आहे. महाराष्ट्रानं २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा हा अधिकारी. म्हणजे जादूचा गैरवापर रोखणारं खातं आपल्याकडेही आहे म्हणायचं. फरक इतकाच की रोलिंग यांच्या खात्यातल्या लोकांना जादू येते.

आणि जादूच्या सरकारचा आपला सर्वांत जुना नमुना म्हणजे इंद्राचा दरबार. इंद्र हे मुळात पद आहे, मन्वंतर बदललं की इंद्र बदलतो. शंभर अश्वमेध करणारा त्या पदाला लायक. मग खुर्चीवर बसलेला इंद्र काय करतो? सगराचा घोडा पळवून कपिल मुनींच्या जवळ बांधतो. पृथूचे नव्याण्णव यज्ञ होऊ देतो आणि शंभराव्याचा घोडा चोरतो. कुणी तपाला बसला की अप्सरा धाडतो. हातात वज्र आहे, पावसाचं खातं आहे, सगळे देव दिमतीला आहेत, आणि झोप मात्र उडालेली. आसन डळमळू लागलं की त्याला पहिला संशय येतो तो सज्जन माणसाचा.

रोलिंग यांचा जादूमंत्री कॉर्नेलियस फज नेमका याच जातीचा आहे. सुरुवातीला तो रोज सकाळी घुबडं पाठवून हॉगवर्ट्स या जादूशाळेच्या डंबलडोर मास्तरांचा सल्ला घेतो. डंबलडोर यांना मंत्रिपदात काडीचा रस नाही. पण त्यांना मिळालं तर ते आपल्याहून चांगलं सांभाळतील हे फजला पक्कं ठाऊक आहे, आणि हेच त्याला पोखरतं. दुष्ट वॉल्डेमॉर्ट परत आला हे डंबलडोर सांगतात तेव्हा फजला त्यात वॉल्डेमॉर्ट दिसतच नाही, दिसतो तो आपल्या खुर्चीकडे येणारा म्हातारा.

पुस्तकं न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९९७ ते २००७ या काळात सात भाग आले. मराठीत ते मंजुल प्रकाशनानं आणले. पहिल्या भागाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' आहे, आणि इंग्रजी नावापेक्षा ते मला सरस वाटतं. गोष्टीतलं मंत्रालय लंडनच्या पोटात, जमिनीखाली आहे. पाहुण्यांनी रस्त्यावरच्या एका मोडक्या टेलिफोन बूथमध्ये शिरायचं, ६२४४२ फिरवायचं, की बूथच लिफ्टसारखा खाली उतरतो. आत खात्यांचे मजले. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याला जायचा तर त्याचं फिकट जांभळं विमान होऊन ते उडत जातं. पूर्वी घुबडं असत, पण टेबलांवर फार घाण होई. इथं मराठी वाचक थबकतो. तिथं कागद आपोआप उडतो. आपल्याकडे तो उडू नये म्हणून त्यावर वजन ठेवावं लागतं, आणि वजन ठेवल्याशिवाय तो हलतही नाही.

हे मंत्रालय करत काय नाही ते पाहण्यात जास्त मजा आहे. सात पुस्तकांत मंत्री निवडण्यासाठी कुणी मत देताना दिसत नाही. विधानसभेसारखं काही नाही. फजची शाळेवर वक्रदृष्टी झाली की भिंतीवर नवा शैक्षणिक हुकूम ठोकला जातो, त्याला क्रमांक पडतो, झाला कायदा. न्यायालय आहे, त्याचं नाव विझेनगॅमोट. पण हॅरीवर १२ ऑगस्टला खटला चालतो तेव्हा मधल्या खुर्चीत कोण बसतं? स्वतः मंत्री फज. शेजारी त्याची खास मर्जीतली डोलोरेस अम्ब्रिज. सुनावणीची वेळ नऊची, ती सकाळी आठची केली, खोली बदलली, आणि कळवलं इतक्या उशिरा की आरोपी धावतपळत पोचला. डंबलडोर वेळेवर आले ते केवळ सकाळी लवकर निघाले होते म्हणून. पंधरा वर्षांच्या पोरानं जीव वाचवायला एक मंत्र वापरला, आणि त्यासाठी पूर्ण पीठ बसलं. दुसरीकडे सिरियस ब्लॅक बारा वर्षं अझ्काबानच्या तुरुंगात सडला, त्याचा खटलाच झाला नव्हता. रोलिंग यांनी तरुणपणी लंडनमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या कचेरीत काम केलं होतं. विनाखटला कैद्यांची कागदपत्रं त्यांच्या हाताखालून गेली होती. अझ्काबान हवेतून आलेलं नाही.

अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या बेंजामिन बार्टन यांनी २००६ साली मिशिगन लॉ रिव्ह्यूमध्ये या मंत्रालयावर एक गंभीर लेख लिहिला. सहावा भाग नुकताच आला होता. त्यांचं म्हणणं असं की लहान मुलांच्या लाडक्या लेखिकेनं सरकारी यंत्रणेचं इतकं काळं चित्र काढलं आहे आणि मुलं ते गोडीनं वाचताहेत. निवडणूक नाही, स्वतंत्र न्यायालय नाही, वर्तमानपत्र ताब्यात, आणि कारकून फक्त स्वतःची जागा जपणारे. मला लेख आवडला, पण बार्टन यांचा रोख साऱ्या नोकरशाहीवर आहे, तिथं मी थांबतो. मी नोकरशाहीच्या कॉलनीत वाढलो. रात्रपाळीला बॉयलरसमोर उभा राहणारा माणूसही नोकरशाहीच असतो.

इथं आबांचं परमिट येतं.

वीज केंद्रात एखाद्या मोटरचं काम निघालं, तर फिटर हातात पाना घेऊन तडक जात नाही. तो परमिट मागतो. पाळीचा प्रमुख आधी त्या मोटरचा पुरवठा तोडायला लावतो, ब्रेकर बाहेर ओढला जातो, त्यावर 'काम चालू आहे' असं कार्ड लागतं, मग कागदावर सही होते. काम संपलं की ज्याच्या नावावर परमिट आहे त्यानंच ते परत करायचं. तोवर चीफ इंजिनिअर येऊन उभा राहिला तरी पुरवठा सुरू होत नाही. देणारा एक, घेणारा दुसरा. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या असल्या तर एक दिवस कुणीतरी भाजून निघतं. आबांच्या पाळीतला एक जण तसा भाजला होता, त्याबद्दल ते अजूनही तपशिलात बोलत नाहीत.

दुसरी गोष्ट ट्रिपिंगची. टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्या घेतं. ठरलेल्या मर्यादेपलीकडे वेग गेला की यंत्र वाफ तोडतं आणि बंद पडतं. कुणाला विचारत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात बिघाडाचा वायू जमू लागला की बुखोल्झ रिले आधी घंटी वाजवतो आणि बिघाड मोठा असला तर सरळ पुरवठा तोडतो. त्या वेळी मुंबईला अंधार होईल का, वरून फोन येईल का, हे त्याला ठाऊक नसतं, आणि म्हणूनच तो कामाचा. संच ट्रिप झाला की कंट्रोल रूममध्ये सगळ्यांच्या जिवाचं पाणी होतं, चौकशी लागते, शिव्या बसतात. तरी रिले काढून टाका असं कुणी म्हणत नाही.

जादू-मंत्रालयात ट्रिप होणारं काहीच नाही. नातीनं सांगितलेली सुनावणीची गोष्ट ऐकून आबा म्हणाले होते, "म्हणजे परमिट मागणारा तोच, देणारा तोच, अन् कार्ड लावणाराही तोच. मग टर्बाइन पळणारच ना भो."

आपल्याकडे रिले बसवण्याचा उद्योग बराच झाला. लोकायुक्ताचा कायदा महाराष्ट्रानं १९७१ सालीच केला, तोवर इतर राज्यांत तसं काही उभं राहिलं नव्हतं. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा २००२ चा, केंद्राच्या तीन वर्षं आधीचा. यातला प्रत्येक रिले नीट चालतो असं इथला कुणीही म्हणणार नाही. पण आहे म्हणून कधीतरी घंटी वाजते.

खानदेशातलंच उदाहरण घ्या. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेत गोरगरिबांसाठी बांधायची घरं अर्धवट राहिली आणि पैसे मात्र गेले. २००६ साली फिर्याद दिली ती तिथल्याच आयुक्तांनी, प्रवीण गेडाम यांनी. खटला चालला धुळ्याच्या विशेष न्यायालयात. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जण दोषी ठरले, त्यांत माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षं आणि १०० कोटींचा दंड झाला. त्या निकालाविरुद्ध अपिलं वर गेली, तो पुढचा भाग. मला यात दिसतं ते अंतर. फिर्याद संस्थेच्या आतून निघाली, निकाल दुसऱ्या जिल्ह्यात लागला, आणि अपील तिसऱ्या गावी. तेरा वर्षं लागली हे खरंच. पण फजच्या जगात फिर्याद द्यायची ती फजकडे, खटला फजपुढे, आणि अपील? माणसाच्या अपिलाची सोय मला तरी कुठे सापडली नाही.

आता पैशाकडे येऊ. ल्युशियस मॅलफॉय हा गोष्टीतला खानदानी श्रीमंत. तो लाच देत नाही. तो देणगी देतो. सेंट मंगोज या इस्पितळाला भरघोस रक्कम देतो आणि झाडूवर बसून खेळायच्या क्विडिचच्या विश्वचषकाच्या सामन्याला मंत्र्याचा खास पाहुणा म्हणून वरच्या कक्षात बसतो. हॅरीच्या सुनावणीनंतर तो मंत्रालयाच्या तळघरात फजशी कुजबुजताना दिसतो, आणि खिशात सोन्याची नाणी खुळखुळतात. आर्थर हॅरीला समजावतो: हा माणूस वर्षानुवर्षं कशा ना कशाला पैसे देतो, त्यातून योग्य माणसांच्या ओळखी होतात, मग नको असलेले कायदे लांबवता येतात. इस्पितळाला दिलेल्या पैशावर आक्षेप कोण घेणार?

मराठी वाचकाला हे दृश्य नवं नाही. १९८० च्या आसपास सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं आणि बांधकामवाल्यांचा जीव त्या कोट्यात अडकलेला असे. मुख्यमंत्री अंतुले यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान उभं केलं होतं. हेतू उदात्त होता, साहित्यिक-कलावंतांना मदत. त्या प्रतिष्ठानाच्या देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांचा संबंध १९८१ साली अरुण शौरी यांनी इंडियन एक्स्प्रेसमधून चव्हाट्यावर आणला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी तो संबंध मान्य केला आणि मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षं चालत राहिला. मॅलफॉयची पद्धत इथं कुणी पुस्तक वाचून शिकलं नाही, पुस्तक नंतर आलं. आणि फजला शौरी भेटले नाहीत, लेंटिनही भेटले नाहीत. त्याच्या राज्यात दमदार पेपर एकच, 'डेली प्रॉफेट', आणि त्याच्यावर फजचा हात. हॅरीची खरी मुलाखत छापायला निघालं ते 'क्विबलर' नावाचं एक चक्रम मासिक, जे एरवी कुणी गंभीरपणे घेत नसे. फजनं शाळेवर धाडलेल्या अम्ब्रिजबाईंनी सत्ताविसावा हुकूम काढून शाळेत त्यावर बंदी घातली, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या शाळेनं ते वाचून काढलं. आणीबाणी पाहिलेल्या घरांत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मॅलफॉय, फज, अम्ब्रिज ही तर उघड माणसं झाली. मला या सगळ्यात जास्त बोचतो तो आर्थर वीझली, आपला प्लगवाला.

आर्थरचं खातं आहे मगलांच्या वस्तूंवर चोरून जादू करणाऱ्यांना पकडण्याचं. कायदा त्यानंच लिहिला. आणि त्याच कायद्यात त्यानं एक फट ठेवली: उडवायचा हेतू नसेल तर गाडीवर जादू करून ठेवायला हरकत नाही. कारण घरच्या शेडमध्ये त्याची स्वतःची फोर्ड अँग्लिया उडायला तयार उभी होती. बायकोनं त्याला यावरून फैलावर घेतलं तेव्हा वाचक हसतात. पुढे पोरांनी गाडी उडवली, प्रकरण बाहेर आलं, ५० गॅलियन, म्हणजे सोन्याची नाणी, दंड झाला. इथवर ठीक.

मग चौथ्या भागात क्विडिचच्या विश्वचषकाची तिकिटं येतात. साधीसुधी नव्हेत, सगळ्यांत वरच्या कक्षातली. ती दिली लुडो बॅगमननं, क्रीडाखात्याच्या प्रमुखानं. का दिली? बॅगमनचा भाऊ ऑटो गवत कापायच्या यंत्रावर नको ती जादू करून अडचणीत आला होता, आणि आर्थरनं ते प्रकरण मिटवलं होतं. आर्थर हे स्वतःच्या तोंडानं हसत सांगतो. त्याला यात काही वावगं वाटत नाही, हॅरीला वाटत नाही, आणि वाचणाऱ्या कोट्यवधी मुलांनाही वाटत नाही. भाचीलाही वाटलं नव्हतं. "पण मामा, त्यानं पैसे कुठे घेतले? मित्राचं काम केलं, मित्रानं तिकिटं दिली." आणि त्याच सामन्यात, त्याच वरच्या कक्षात, थोड्याच वेळात देणगीदार मॅलफॉय येऊन बसतो. मॅलफॉय ओळखीनं आलेला, वीझलीही ओळखीनंच आलेले. लेखिका त्यांना एकामागे एक बसवते आणि पुढे जाते. तिनं हे मुद्दाम केलं असावं असं मला आता वाटतं.

ओळख हा आपल्या भाषेतला मोठा निरागस शब्द आहे. लाच म्हटलं की माणूस दचकतो, वशिला म्हटलं की थोडा ओशाळतो, पण 'आपली ओळख आहे तिथे' हे आपण लग्नाच्या पंगतीत अभिमानानं सांगतो.

सातव्या भागात सरकार पडतं. १ ऑगस्ट १९९७. एका लग्नाच्या मांडवात चंदेरी प्रकाशाचा एक दूत येऊन तीन वाक्यांत सांगतो की मंत्रालय गेलं, मंत्री मारला गेला. पुस्तकात क्रांतीचं वर्णन एवढंच. पायस थिकनेस नावाच्या अधिकाऱ्यावर आधीच वशीकरण झालेलं असतं, त्याला मंत्री करतात. दुसऱ्या दिवसापासून कचेरी वेळेवर उघडते. लिफ्ट चालू, जांभळी विमानं चालू. देखभाल खात्यातल्या रेजिनाल्ड कॅटरमोलला साहेब सांगतो की माझ्या खोलीत पाऊस पडतोय, तो थांबव. त्याच सकाळी त्याच्या बायकोची चौकशी खाली तळघरात आहे. आईबाप मगल असूनही तुझ्याकडे जादूची कांडी कशी, कुणाची चोरलीस, असा आरोप. चौकशी करणारी बाई तीच, अम्ब्रिज. नवा राजा आला म्हणून तिला काही बदलावं लागलं नाही. नमुना अर्ज नवा आला, एवढंच.

आणि तिच्या गळ्यात एक लॉकेट आहे. ते तिच्याकडे आलं कसं, हे सातही भागांतलं माझं सर्वांत आवडतं स्थळ, कारण त्यात जादू अजिबात नाही. मंडंगस फ्लेचर हा भुरटा चोर डायगन गल्लीत चोरीचा माल विकत बसलेला. मंत्रालयाची बाई येऊन विचारते, परवाना आहे? नाही. दंड करायच्या बेतात असताना तिची नजर मालावर जाते, लॉकेट आवडतं, ते उचलते आणि जा म्हणते. भाजीबाजारात हातगाडीवरून दोन कोबीचे गड्डे उचलून पुढे गेलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. फक्त या लॉकेटमध्ये वॉल्डेमॉर्टच्या आत्म्याचा एक तुकडा बंद होता. साऱ्या देशाला वेठीला धरणारी वस्तू मंत्रालयात शिरली ती एका फेरीवाल्याकडून घेतलेल्या चिरीमिरीत. बाई पुढे ते लॉकेट घालून न्यायासनावर बसते आणि ते आपल्या खानदानातलं असल्याचं सांगते.

भाचीनं हा भाग आबांना सांगितला त्या रात्री ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी गॅसची गोष्ट काढली. मी ती पूर्वी ऐकली नव्हती.

तेव्हा गॅसला नंबर लावावा लागे, आणि नंबर लागायला वर्षं जात. एका गावी एका एजन्सीत आबांनीही नाव घातलं होतं. एजन्सीवाल्याच्या भावाच्या विहिरीवरची मोटर जळाली, ऐन केळीच्या पाण्याच्या दिवसांत. आबांनी एका रविवारी जाऊन ती उघडली, वाइंडिंग भरून दिलं, पैसे घेतले नाहीत. "माणूस अडला होता," ते म्हणाले. पंधरवड्यात घरी सिलिंडर आला. आईनं त्याला हळदकुंकू लावलं.

"म्हणजे ऑटोचं गवत कापायचं मशीन," भाची म्हणाली.

"तसंच म्हण."

शेजारच्या काकूंचा नंबर यादीत आमच्या बराच वर होता. त्यांचा रॉकेलचा स्टोव्ह होता, पंप मारून पेटवायचा. त्या पंपाचा आवाज पहाटे भिंतीपलीकडून यायचा, असं आबा म्हणाले. पुढची दोन वर्षं येत होता.